सशाच्या काळजाचे डॉक्टर

माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, हे शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतले सगळ्यांत सावकाश गृहस्थ आहेत. ज्या म्हशी तपासण्यात त्यांची तीसेक वर्षं गेली, त्यांतली एखादी रवंथ करताना त्यांच्या जवळपास पोचली असेल. पुढे गेली असेल असं मला वाटत नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते खिडकीबाहेर गोरखगडाच्या सुळक्याकडे बघत बसतात, आणि चहा गार झाला की तो गार का लागतो याचा विचार करत पितात. बोलतानाही तसंच. वाक्य सुरू करतात, मध्येच कुठेतरी रमतात, आणि समोरच्याला वाटतं की संपलं. तो उठतो, चपला घालतो, फाटकापर्यंत जातो, तेव्हा मागून उरलेलं वाक्य येतं. माझ्या लग्नाच्या बोलणीला ते वधूपक्षाकडून आले होते. "मुलगा चांगला आहे," एवढं म्हणून ते गप्प झाले. माझ्या वडिलांचा चेहरा खुलला, पंगत झाली, पानसुपारी झाली, मंडळी निघायला उठली. तेव्हा गाडीत एक पाय ठेवून मामा म्हणाले, "पण फार भरभर जेवतो."

ते गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी, फिरायला एक स्कूटर आणि वाटेत थांबायला सगळा तालुका. एखाद्या पाड्यावरून म्हैस अडल्याचा निरोप आला की मामा लगेच निघत, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण भाताच्या खाचरांवर सकाळचं धुकं उतरलेलं असलं, किंवा वालाच्या शेतावर एखादा खंड्या तारेवर बसलेला असला, की स्कूटर आपोआप बाजूला थांबे. ते पोचेपर्यंत बहुतेक म्हशी आपापल्या व्यालेल्या असत. "डॉक्टर येनार म्हनून सांगितलं का म्हस धीर करते," असं सरळगावातले लोक म्हणत, आणि मामांना ते खरंच वाटे. अर्थात खरी अडलेली म्हैस असली तर हेच मामा शर्ट काढून, खांद्यापर्यंत हात घालून तासन्‌तास वाकून उभे राहत, आणि रेडकू बाहेर आल्यावर त्याच्याकडे असे पाहत बसत की मालकाला त्यांना घरी जायची आठवण करून द्यावी लागे.

ससा त्यांच्या आयुष्यात आला तो निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना. कुणीतरी बुटांच्या खोक्यात घालून एक पांढरा ससा दवाखान्यात आणला. तो खात नव्हता. मामांनी त्याला उचलून पाहिला, शेळ्यांच्या औषधातलं थोडं द्यावं का असा विचार केला, आणि तो विचार संपायच्या आत ससा त्यांच्या हातात गेला. मालकाची परवानगी घेऊन त्यांनी तो उघडून पाहिला. दोन्ही मूत्रपिंडांत खडे होते. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. "इतकी वर्षं डॉक्टर म्हणवून घेतलं, जावईबापू. आणि एवढ्याशा जिवाला काय होत होतं ते मला तो गेल्यावर कळलं." पुढचं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहिली. ते आलं नाही.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात किंवा शेतावर घर बांधतात. मामा दर गुरुवारी डबा घेऊन मुंबईला जाऊ लागले. तिथे पाळीव प्राण्यांचा एक दवाखाना होता आणि त्यात सशांची ऑपरेशनं करणारी एक डॉक्टर मुलगी होती, वयानं त्यांच्या निम्म्याहून लहान. तिच्यासमोर हात जोडून मामा म्हणाले, "मॅडम, मला नुसतं कोपऱ्यात उभं राहू द्या." दोन वर्षं ते कोपऱ्यात उभे राहिले. पहिलं वर्ष बघण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी मॅडमनी हातात चिमटा दिला, मग सुई, मग चाकू. मामी या काळात जरा काळजीत होत्या. मामी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या निवृत्त नर्स; सगळं मुरबाड त्यांना अजून शिष्टर म्हणतं. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "बाई गो, मानसं म्हातारपनी काय काय करतात. यांना ससं लागलंय." पण पडवीला भिंत घालून तिथे टेबल, दिवा आणि मुंबईतल्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेलं भुलीचं जुनं यंत्र बसलं, तेव्हा त्या यंत्राचा ताबा मामींनीच घेतला. "तुमी कापा," त्या म्हणाल्या, "श्वासाकडं मी बघते. तुमचं लक्ष कुठं जाईल त्याचा भरोसा नाय."

मामांची ससा तपासायची पद्धत बघायला मी मुद्दाम सुट्टीच्या दिवशी जात असे. ते आधी चपला काढतात, घड्याळ काढतात, आणि सशापासून दोन हातांवर सतरंजीवर बसतात. सशाकडे बघत नाहीत. समोरून रोखून बघणारा प्राणी सशाला शिकारी वाटतो, म्हणून ते भिंतीकडे बघतात, आणि बघता बघता त्यांचे डोळे अर्धे मिटतात. आसनगावची एक बाई पहिल्यांदाच ससा घेऊन आली होती. दहा मिनिटं तिनं धीर धरला, मग मामींना हळूच विचारलं, "डॉक्टर झोपले का?" मामी भाजी निवडत होत्या. "नाय," त्या म्हणाल्या, "तपासतायत." आणि खरोखरच थोड्या वेळानं तो ससा आपण होऊन आला, मामांच्या गुडघ्याचा वास घेतला, आणि मामांचा हात त्याच्या पोटाखाली असा गेला की कधी गेला ते मलाही दिसलं नाही. ससा दुखणं लपवतो, असं ते सांगतात. रानात दुखणं दाखवणारा आधी खाल्ला जातो, म्हणून घरात सुखात असतानाही तो दाखवत नाही. फार झालं तर दात बारीक चावतो. तो आवाज ऐकायचा असेल तर आपण गप्प बसलं पाहिजे, आणि गप्प बसणं हा तर मामांचा हातखंडा.

सशाच्या लेंड्यांवरचं त्यांचं प्रेम मात्र घरच्यांना सोसावं लागलं. लेंडी गोल, कोरडी, एकसारखी असली की पोट सुखात आहे, बारीक किंवा वेडीवाकडी झाली की समजावं काहीतरी बिघडलं, असं त्यांचं शास्त्र आहे, आणि ते शास्त्र ते काड्यापेटीतून शर्टाच्या खिशात घालून फिरतात. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी ती पेटी माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवली. मी मसालेभातावर घालायला मिरी समजून हात पुढे केला. "ती खर्डीच्या सशाची आहे," मामा शांतपणे म्हणाले, आणि पेटी मिटली. गवताचंही तसंच. आमच्याकडच्या माळांवरचं गवत कापून, दाबून, गठ्ठे बांधून तबेल्यांसाठी मुंबईला जातं. गवताच्या वखारीत मामा गठ्ठ्यागठ्ठ्याला नाक लावत हिंडतात, एखादी काडी चावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "ही माळावरची. हिला ऊन चांगलं लागलंय." वखारवाला आता त्यांच्यासाठी दोन गठ्ठे वेगळे काढून ठेवतो, तेवढ्यानं त्याची सकाळ वाचते.

मी शहापूरच्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो. हे कळल्यावर मामांनी मला कामाला लावलं. पुस्तकातले फोटो त्यांना पसंत नव्हते. त्यांना सशाच्या यकृताचं मोठं चित्र हवं होतं, रंगीत. "काळीज म्हणजे खरं तर हेच," ते म्हणाले. "लोक उगाच छातीवर हात ठेवतात." सशाच्या यकृताला पाकळ्यांसारखे भाग असतात, आणि त्यातली मागची एक छोटी पाकळी बारीक देठावर लोंबत असते, हे मला तेव्हा कळलं. मी तीन वेळा चित्र काढलं. दर वेळी ते चष्मा लावून पाहत आणि म्हणत, "देठ अजून बारीक." शेवटी एका केसाच्या कुंचल्यानं काढलेला देठ त्यांना पटला, आणि ते चित्र पडवीत टेबलासमोर लागलं. त्याच्या शेजारच्या खिडकीत काचेला एक एक्स-रे चिकटवलेला आहे. सकाळचं ऊन त्यातून येतं आणि जमिनीवर एका सशाची फिकट निळी सावली पडते, कमरेजवळ एक पांढरा ठिपका घेऊन. पाहुणे विचारतात, हा कोण? मामी सांगतात, "वासिंदचा." त्या सशाच्या एका मूत्रपिंडात खडा होऊन ते निकामी झालं होतं. दुसरं धड आहे याची रक्त तपासून तीनतीनदा खात्री केल्यावर मामांनी पहिलं काढलं, आणि तो ससा एका मूत्रपिंडावर पुढे तीन वर्षं वासिंदच्या एका गच्चीवर उड्या मारत राहिला. पण दोन्ही गेलेला ससा आला की ते चाकूला हात लावत नाहीत. मालकाला शेजारी बसवतात, कातडीखाली सलाइन कसं द्यायचं ते शिकवतात, आणि किती दिवस उरले असतील ते खरं सांगतात. अशा दिवशी मामा जेवताना एक शब्दही बोलत नाहीत, आणि त्या दिवशी कुणी त्यांच्या वाक्याची वाटही पाहत नाही.

आता पावन्याची गोष्ट सांगतो.

शहापूरच्या बाजारात आमचा नेहमीचा चिकनवाला आहे. आडवा बांधा, मोठ्या मिशा, कमरेला रबरी फडका. घर डोळखांबच्या बाजूला, तिथे बायको आणि शेती. हा आठवड्याचे सहा दिवस दुकानामागच्या खोलीत एकटा राहतो. एका रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन गेलो तर शटर अर्धं खाली. बाहेर दहाबारा गिऱ्हाइकं ताटकळत उभी. रविवारी चिकनवाल्याचं दुकान बंद म्हणजे काय ते मांसाहारी माणसालाच कळेल. मी वाकून आत पाहिलं. हा ओट्याजवळ उकिडवा बसला होता आणि समोर गोणपाटावर एक पांढरा ससा, एक कान तपकिरी, अंग गोळा करून बसलेला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचे कोन ते सशाचे डाक्टर हायत ना मुरबाडला?"

मी आत गेलो. त्यानं ससा कसा आला ते सांगितलं. वर्षभरापूर्वी कोंबड्यांच्या टेम्पोत, एका पिंजऱ्यात, चुकून हा आला होता. पोल्ट्रीवाल्यानं फोनवर सांगितलं, राहू दे, कापून टाक. एक गिऱ्हाईकही मिळालं होतं.

"मग?" मी विचारलं.

"कोंबडी वरडते, मास्तर. हा काय बोललाच नाय. नुस्ता बसला माज्याकडं बघत. न बोलनाऱ्याला कसं कापायचं?" त्यानं सशाच्या पाठीवर बोट फिरवलं. "पावना म्हनून ठेवला. नाव बी तेच पडलं. काल सकाळपासून पावना जेवत नाय. कोथमिरीची काडी नाकाशी धरली तरी बघत नाय."

बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. हा उठला, वाकून बाहेर गेला, आणि म्हणाला, "आज दुकान बंद. घरात आजारी हाय." लोक एकमेकांकडे बघत पांगले.

आम्ही त्याच्याच टेम्पोतून निघालो. मागे रिकामे पिंजरे खडखडत होते, आणि पुढे माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पावना. शेणवा गेलं, किन्हवली गेली. थंडीचे दिवस होते. भात कापून झालेल्या खाचरांत वाल वीतभर आले होते आणि पेंढ्यांच्या उडव्यांवर ऊन पडलं होतं. चिकनवाला एरवी कसा चालवतो ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याआधी तो टेम्पो जवळजवळ थांबवत होता. सरळगावच्या अलीकडे त्यानं विचारलं, "श्वास घेतो का?" मी हो म्हणालो. पुढे तो दर थोड्या वेळानं तेच विचारत राहिला.

मामा अंगणात होते. त्यांनी काही विचारलं नाही. चपला काढल्या, घड्याळ काढलं आणि सतरंजीवर बसले. पण पावना त्यांच्याकडे आला नाही. तो हललाच नाही. मग मामाच गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेले, जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हिरड्या पाहिल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली. आम्ही सगळे गप्प होतो, आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. बारीक, वाळू घासल्यासारखा. पावना दात चावत होता.

रक्त घेतलं, म्हशींच्या गाभणपणासाठी घेतलेलं सोनोग्राफीचं यंत्र लावलं. मामा बराच वेळ त्या करड्या पडद्याकडे बघत राहिले. मग चिकनवाल्याला त्यांनी माझ्या चित्रासमोर नेलं.

"हे यकृत. ही मागची पाकळी दिसते? ती तिच्या देठावर पिळली गेली आहे. तिच्यात रक्त जात नाही."

चिकनवाल्यानं चित्र नीट पाहिलं. "कलेजी," तो म्हणाला. "चांगली काढलीय. रोज हातात असते माज्या." थोडं थांबून म्हणाला, "पन ती त्येंची. ही याची हाय."

मामांनी त्याला सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांचं एकही वाक्य मध्ये थांबलं नाही. कधी कधी नुसत्या औषधावर ससे यातून निघतात. पण याचं रक्त उतरत चाललंय, आत गळतंय असं दिसतंय. पाकळी काढायला पोट उघडावं लागेल. आत्ता ज्या अवस्थेत तो आहे त्यात टेबलावरच जाऊ शकतो. नाही उघडलं तर उद्याची सकाळ त्याला दिसेल असं वाटत नाही.

"सकाळपासनं पाणी बी दिलं नाय मी," चिकनवाला म्हणाला. "म्हटलं ऑपरेशन असंल तर उपाशी पायजे."

"सशाला उपाशी ठेवत नाहीत. त्याला ओकारी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं की ते बंद पडतं. पण तुमची चूक नाही. तो तसाही खात नव्हता."

चिकनवाला जमिनीकडे बघत होता. "डाक्टर, तुमच्या घरचा असता तर?"

मामा भिंतीकडे वळले. मला वाटलं आता ते तिकडेच रमणार. पण ते म्हणाले, "उघडला असता."

"मंग उघडा."

दुपारपर्यंत त्यांनी हात लावला नाही. आधी त्याला ऊब दिली, गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. कानाच्या शिरेतून थेंब थेंब सलाइन सोडलं. सशाची ती शीर सुतासारखी असते आणि मामांनी ती एकाच फटक्यात धरली. मग मामींनी यंत्राचा मुखवटा पावन्याच्या नाकाला लावला. मला काहीतरी काम द्यायचं म्हणून मामांनी त्यांचं काढून ठेवलेलं घड्याळ माझ्या हातात दिलं. "दर मिनिटाला सांगत राहा. मला वेळेचं कळत नाही." चिकनवाल्याला आत थांबायची मुभा होती. तो दारापर्यंत आला आणि परत अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी आयुष्यात पुष्कळ हात काढले आहेत, चित्रांत. पण त्या दुपारी पाहिलेले हात मला अजून काढता आलेले नाहीत. मामा नेहमीइतकेच सावकाश होते. घाई कुठेच नव्हती, आणि तरीही प्रत्येक गोष्ट जिथे व्हायला हवी तिथे होत होती. झोपेत चालणारा माणूस अंधारातही आपल्या घराचा उंबरठा चुकत नाही, तसे ते चालले होते. ओल्या कागदासारखं पातळ कातडं, त्याखालचा पापुद्रा, आणि मग आत ते. माझ्या चित्रातला रंग चुकला होता हे मला लगेच कळलं. बाकीच्या पाकळ्या तांबूस तपकिरी, तुकतुकीत होत्या. मागची एक पिकल्या जांभळासारखी काळी पडून फुगली होती. मामांनी ती दोन बोटांवर अलगद तोलून धरली, उलगडली नाही. उलगडली तर आतलं साचलेलं विष रक्तात जातं, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यांनी देठाला दोरा घातला, गाठ मारली, आणखी एक मारली.

"बावीस मिनिटं," मी म्हणालो.

"अवो," मामी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जराही चढला नाही. "श्वास उथळ झालाय."

मामांचे हात जागच्या जागी थांबले. मामींनी भूल कमी केली, नुसता प्राणवायू सुरू ठेवला. पावन्याची बरगडी हलत नव्हती. मामींनी दोन बोटांनी छाती हलकेच दाबली, सोडली, दाबली, सोडली. मामा दोन्ही हात हवेत धरून उभे होते, गोरखगडाकडे बघावं तसे त्या सशाकडे बघत. मला ओरडावंसं वाटत होतं, काहीतरी करा म्हणून. पण करायचं ते मामी करत होत्या, आणि मामांनी करायचं होतं ते फक्त थांबणं. मी त्या थांबण्याला इतकी वर्षं हसलो होतो. घड्याळातलं एक मिनिट गेलं आणि मला ते मोठ्यानं सांगता आलं नाही.

मग बरगडी उचलली गेली. खाली आली. पुन्हा उचलली गेली.

"आला," मामी म्हणाल्या.

मामांनी पाकळी कापून ताटलीत ठेवली, रक्त येत नाही ना ते कितीतरी वेळ पाहिलं, आणि पोट शिवायला घेतलं. ससा टाके कुरतडतो म्हणून शेवटचे टाके कातडीच्या आतून घालावे लागतात, बारीक. त्यातल्या अगदी शेवटच्या टाक्याला मला दिसलं. सुईचं टोक हलत होतं. मामांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला. सुई पुन्हा हलली. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि टाका घातला.

हात धुताना त्यांनी तो हात खिडकीतल्या उजेडात धरून पाहिला. बोटं थरथरत होती, पिंपळाच्या पानासारखी, अगदी थोडी.

"तुम्ही पाहिलंत ना, जावईबापू?"

"नाही, मामा."

"पाहिलंत," ते म्हणाले. "बरं झालं. साक्षीदार असला की माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही. याच्या पुढचा ससा माझ्या हातून..." ते थांबले. मी वाट पाहिली, खूप वेळ. त्यांनी हात पुसला आणि बाहेर जाऊन चिकनवाल्याला सांगितलं की पावना जागा होतोय.

पण ऑपरेशन झालं म्हणून ससा वाचत नाही. तो खाऊ लागला, लेंडी टाकू लागला, म्हणजे वाचतो. त्या संध्याकाळी चिकनवाला मुरबाडलाच राहिला. मामींनी गवताची पूड पाण्यात कालवून पिचकारीनं पावन्याच्या गालात थोडी थोडी सोडायला त्याला शिकवलं. तो माणूस, ज्याच्या हाताखालून दिवसाला शंभर कोंबड्या जातात, मांडी घालून बसला आणि पिचकारीचा दट्ट्या इतक्या हळू दाबू लागला की मामी म्हणाल्या, "अरे, जरा जोर कर. तुमी दोघं एकाच शाळंतले दिसता." दोघं म्हणजे तो आणि मामा. दुसऱ्या दिवशी मी शाळेला रजा टाकून पुन्हा गेलो. दुपार होत आली होती. मामा अंगणात बसले होते, मामी तांदूळ पाखडत होत्या, आणि चिकनवाला पडवीतून तळहात पुढे धरून आला. तळहातावर एक लेंडी होती. लहान, किंचित वेडीवाकडी.

"डाक्टर," तो म्हणाला, "आली."

मामांनी चष्मा लावला. मामी सूप खाली ठेवून उठल्या. आम्ही चार मोठी माणसं त्या तळहाताभोवती वाकून उभे राहिलो.

"सुंदर," मामा म्हणाले.

चिकनवाल्यानं दुसरा हात तोंडावरून फिरवला आणि भिंतीकडे वळला.

त्यानंतर मामांनी चाकू धरला नाही. महिन्याभरात त्यांनी सगळी हत्यारं उकळली, पुसली, कापडात गुंडाळली आणि शहापुरात नव्यानं दवाखाना टाकलेल्या एका डॉक्टर मुलीला नेऊन दिली. भुलीचं यंत्रही गेलं. ते टेम्पोत चढवताना मामी त्याच्या नळीवरून हात फिरवत उभ्या होत्या. ती मुलगी हुशार आहे. तिनं पहिल्यांदा यकृताची पाकळी काढली तेव्हा मामांना बोलावून घेतलं. ते हात खिशात घालून कोपऱ्यात उभे राहिले, आणि ऑपरेशन संपल्यावर तिला म्हणाले, "मॅडम, तुमचा देठ छान आला." लोक अजून आधी मुरबाडला येतात. मामा सतरंजीवर बसतात, भिंतीकडे बघतात, पोटाखाली हात घालतात आणि चिठ्ठी लिहून शहापूरला पाठवतात. चिठ्ठीतलं अक्षर आता फार वाकडं येतं, म्हणून मामी ती पुन्हा सुवाच्य लिहून देतात.

गेल्या थंडीत मी सहज म्हणून गेलो होतो. मामी वखारीतून गवत आणायला गेल्या होत्या. अंगणात खाटेवर मामा उताणे झोपले होते आणि त्यांच्या छातीवर पावना, तोही झोपलेला, तपकिरी कान मामांच्या हनुवटीला लागलेला. मामांचा उजवा हात त्याच्या पाठीवर होता. ससा श्वास घेई तसा तो हात वर येई आणि खाली जाई, आणि त्या वरखाली होण्यात बोटं थरथरतात की नाही ते कळत नव्हतं. मी बराच वेळ पाहिलं. नाही कळलं.

खाटेच्या पायथ्याशी चिकनवाला जमिनीवर बसला होता. पावन्याची नखं काढायला आणलं होतं म्हणाला. केव्हापासून बसला होता कुणास ठाऊक; त्याच्या चहाच्या रिकाम्या कपावर मुंग्या जमल्या होत्या. शहापुरात दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती.

"उठवू का मामांना?" मी हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली.

"झोपू दे," तो म्हणाला. "मला टाइम हाय."